गिरवलेला हात

उज्ज्वलाला चष्मा नव्हता, कधी नव्हताच. तरी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात मध्येच उठला, नसलेला चष्मा एका बोटानं नाकावर वर सरकवला आणि काही झालंच नाही अशा थाटात परत काटवटीत गेला. नाकावर पिठाचा ठिपका तेवढा उरला. समोर जेवायला बसलेल्या जालिंदरला ठसका लागला.

"कॅप्टनसायेब आले वाटतं," तो बायकोला म्हणाला. "आनिक एक ताट घे."

"गप जेवा," उज्ज्वला म्हणाली, पण हसू तिलाही आवरत नव्हतं.

जालिंदरची आई शेवंताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सुनेच्या हाताकडे टक लावून बघत राहिल्या.

"ह्यो हात कुनाचा म्हनायचा गं?"

"माझाच की, आत्ती."

"मंग आत्ता त्यो कुनाला इचारून उठला?"

उज्ज्वलानं भाकरी तव्यावर टाकली. 

त्याचं असं झालं होतं. उंबरसडा हे डोंगराच्या बेचक्यातलं इवलंसं गाव. तरुण माणसं केव्हाच शहरात गेलेली. मागे राहिली ती म्हातारी आणि त्यांना सोडून न जाणारी दोन-चार घरं. जालिंदरचं, म्हणजे उतेकरांचं, त्यांतलं एक. गावाच्या डोक्यावर कातळाचा लांबरुंद सपाट सडा, आणि तालुक्याला जायला जंगलातून एकच वळणावळणाचा रस्ता. त्या जंगलात कारवी माजलेली. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम फुलते, आणि फुलून झाली की सगळी एकदम मरते. जांभळे डोंगर बघायला मोटारी भरभरून माणसं येतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याच डोंगरांवर वाळक्या काटक्यांचं रान उभं राहतं, ते बघायला कोणी येत नाही. पूर्वी ते खपून जायचं. आता उन्हाळे असे काही तापू लागले होते की एका ठिणगीनं अख्खी दरी पेटावी. मागच्या फुलोऱ्यानंतर शेजारच्या खोऱ्यातली एक वाडी अशीच वणव्यात अडकली, रस्ता बंद झाला, आणि त्यानंतर सरकारला जाग आली.

जिल्ह्याला हेलिकॉप्टर एक, आणि तेही जिथे हवं तिथे कधी नसायचं. बिनमाणसाच्या यंत्रांचे कॅमेरे धुरात आंधळे व्हायचे. शेवटी असं ठरलं की प्रत्येक अडनिड्या गावाच्या सड्यावर एक छोटं, विजेवर उडणारं विमान ठेवायचं आणि गावातल्याच कोणाला तरी ते चालवायला शिकवायचं. विमानाला नाव दिलं टिटवी. पुढे चालवणारा एक, मागे माणसं दोन. बॅटऱ्या बदलल्या की टिटवी पुन्हा तयार. चालवणाऱ्याची निवड कशावर? शिक्षण, नजर, धाडस हे सगळं नंतर, आधी वजन. चालवणारा जितका हलका तितकी मागच्यांची सोय. उज्ज्वला भरली शेहेचाळीस किलो. जिनं जन्मात कधी स्कूटीसुद्धा चालवली नव्हती ती बाई गावाची पायलटताई झाली.

"मला घ्येतलं न्हाई त्ये बरं झालं," जालिंदर पोटावरून हात फिरवत चारचौघांत सांगायचा. "माझ्यापायी हत्तीचं इमान मागवाय लागलं असतं."

एरवी विमान शिकायला वर्ष जातं. उज्ज्वला तीन आठवड्यांत शिकली, ती गिरवणीमुळे.

आपल्याला सायकल येते म्हणजे नेमकं काय येतं, हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. ते ज्ञान विचार करणाऱ्या मेंदूत नसतंच. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर जो लहान मेंदू असतो तिथे ते वेळांच्या रूपात साठलेलं असतं: कोणता स्नायू कोणत्या क्षणी आवळायचा, किती आवळायचा, कधी सोडायचा. पुण्यातल्या काही संशोधकांना या वेळा टिपून घेण्याची युक्ती सापडली. मुरलेल्या वैमानिकाच्या मेंदूतून त्या टिपायच्या. मग शिकणाऱ्याच्या मानेला पट्टा बांधायचा, हातांत मोजे चढवायचे आणि विजेच्या अगदी मंद स्पर्शांनी त्याच वेळा त्याच क्रमानं त्याच्या नसांना ऐकवत राहायच्या. दिवसा सरावात ऐकवायच्या आणि रात्री झोपेतही. शाळेत बाई पाटीवर अक्षर काढून देतात आणि मूल त्यावरून पेन्सिल फिरवतं, तसंच हे. म्हणून यंत्राचं नाव गिरवणी.

राज्यातल्या चाळीस पायलटतायांनी गिरवला तो हात एकच होता, कॅप्टन हेमचंद्र घैसास यांचा. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम पुणे. पुरात, भूकंपात, नदीच्या वाळूत, उसाच्या फडात, जिथे म्हणाल तिथे या गृहस्थांनी विमान उतरवलेलं. अक्षराबरोबर अक्षराचं वळणही उतरतं. कॅप्टनसाहेबांना बोलता बोलता चष्मा सारायची सवय होती, म्हणून चाळीस गावांतल्या चाळीस बायका नसलेला चष्मा सारू लागल्या.

"लकबी जातील हळूहळू," शिकवायला येणारी इंजिनिअर रेवती मणेरीकर सांगायची. ही पोरगी उज्ज्वलापेक्षा बरीच लहान, पण उत्साह असा की बघणाऱ्याला दम लागावा. "आणि घाबरू नका ताई, निर्णय तुमचाच असतो. हात फक्त सराईत होतो."

"आन् निर्नय घ्यायला येळच नसला तर?" उज्ज्वलानं एकदा विचारलं होतं.

रेवतीनं तिच्या मानेचा पट्टा घट्ट केला. "मग हात करेल ते," ती म्हणाली.

*

फेऱ्यांचा हिशोब रेवतीनंच घालून दिला. उज्ज्वलाला सोडून गावात माणसं चोवीस, म्हणजे बारा फेऱ्या. चालता न येणारे आधी, धडधाकट शेवटी. जालिंदर सड्यावर थांबून बॅटऱ्या बदलणार आणि फडकं दाखवणार. हिरवं म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नको. "वणवा आला तर बारा फेऱ्यांनाच वेळ पुरेल न पुरेल अशी स्थिती असेल," रेवतीनं बजावलं. "एकही जास्तीची धरू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या, तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

ती गेली आणि देवळात गावकी बसली.

"चालता न येनारं आधी, हे कुनी ठरवलं?" गावचे प्रमुख, गावकर मारुतीआप्पा म्हणाले. "आधी देवी."

कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. देवीचा पितळेचा मुखवटा, मागची प्रभावळ, चांदीचा चौरंग आणि सोबत बाबू गुरव. देवीला एकटी कशी धाडणार? वजन बघता ती एक पूर्ण फेरी झाली. मग मानाप्रमाणे पुढची नावं लागली. पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान उतेकरांचा, पण जालिंदरनं आपण सगळ्यांच्या मागून येऊ म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

बायकांच्या बाजूनं उज्ज्वला उठून उभी राहिली. पायलटताई झाल्यापासून तिला तेवढी मुभा मिळाली होती.

"आप्पा, बाराच्या तेरा व्हत्यात. बाईनं सांगितलंय, एकबी जास्त न्हाई."

"व्हऊदे की एक जास्ती."

"पर शेवटाला जो ऱ्हाईल त्यानं काय करायचं?"

असं बोलायचं नसतं, तेही देवीच्या समोर. जालिंदरच उठला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "उजे, देवी मागं ठिवून इमानात चढनार कोन? आप्पा चढतील? आई चढंल? तू तरी नेशील का कुनाला?"

खरंच कोणी चढलं नसतं. आग दाराशी आली असती तरी चढलं नसतं. हे उज्ज्वलाला पुरतं ठाऊक होतं, म्हणून ती खाली बसली. आणि हे रेवतीला कळवावं, असं गावातल्या एकाही माणसाला वाटलं नाही. देवाधर्माचं बाहेरच्याला काय सांगायचं!

*

त्या पावसाळ्यात कारवी फुलली आणि मेली. वणवा चैत्रात आला, भर दुपारी.

आधी खालच्या रस्त्याकडून धूर उठला. कोणी चूल विझवली, कोणी गुरं सोडली, आणि उज्ज्वला सड्यावर पोचेपर्यंत कारवी फटाक्यांच्या माळेसारखी तडतडू लागली होती. आधी काय करायचं तेच तिला आठवेना. पण आत बसून विमान वळवायच्या दांड्याला हात लावला आणि डोक्यातला गोंधळ थांबला. हात शांत होते. ते सराईतपणे इकडचं बटण, तिकडचा खटका करत गेले आणि टिटवी उठली तेव्हा उज्ज्वला स्वतःच चकित झाली.

पहिली फेरी देवीची झाली. बाबू गुरव मुखवटा मांडीवर घेऊन वाटभर डोळे मिटून होता. तालुक्याच्या मैदानावर त्यांना उतरवायला उचलाउचल करावी लागली, चौरंग दारात अडकला, आणि त्यात नको तेवढा वेळ गेला. मग भराभर माणसं आली. पांगळी चंद्रभागा, आंधळा रामजी, एकमेकींचा हात न सोडणाऱ्या दोघी जावा. प्रत्येक वेळी परत येताना धुराची भिंत जवळ आलेली दिसायची. प्रत्येक वेळी सड्यावर जालिंदर हिरवं फडकं घेऊन उभा असायचा. विमान थांबलं की तो बॅटऱ्या ओढायचा, नव्या सारायचा, माणसं आत बसवायचा आणि दारावर थाप मारायचा.

शेवटच्या फेऱ्यांना टिटवी जड उठू लागली. तापलेली हवा विरळ होते. पंखांना रेटा द्यायला तिच्यात काही उरतच नाही. त्यामुळे थंड हवेत ज्या अंतरात विमान उठतं, त्याच्या दुप्पट अंतर आगीच्या तोंडाशी धावावं लागतं. सडा काही दुप्पट होणार नव्हता. बाराव्या फेरीला मारुतीआप्पा आणि शेवंताबाई बसले तेव्हा चाकांनी कातळ सोडला तो अगदी कड्याच्या काठाशी.

चढण्याआधी शेवंताबाईंनी लेकाचा दंड धरला होता. "आन् तू कवा येनार?"

"ही गेली की आली. मी काय, एकलाच तर ऱ्हायलोय." त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच आत ठेवलं.

तेराव्या फेरीला उज्ज्वला एकटी परत आली. मागच्या दोन्ही जागा रिकाम्या.

सडा आधी दिसेचना. मग धुरात फट पडली आणि दिसला. कडेचं वाळकं गवत पेटलं होतं. मधोमध जालिंदर उभा होता. त्याच्या हातात हिरवं फडकं होतं आणि तो ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवत होता. टिटवी खाली आली, आणखी खाली आली. तोंडाला बांधलेला त्याचा रुमाल गळ्याशी घसरलेला तिला दिसला. इतक्या जवळून दिसला की तो हसतोय हेही कळलं, सुटलो म्हणून माणूस हसतो तसं. तेवढ्यात धुराचा लोट आडवा आला. दांडा मागे आला, विमानाचं नाक वर गेलं, डावा पंख झुकला आणि टिटवी सड्यावरून वळून दरीवर निघून गेली.

काय झालं हे तिला कळायलाच काही क्षण गेले. तिनं मान वळवून पाहिलं. सड्याच्या जागी नुसता काळा धूर होता.

मैदानावर विमान टेकलं. दार उघडायच्या आधीच शेवंताबाई धावत आल्या. मागच्या रिकाम्या जागांकडे त्यांनी पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"जालू कुटं हाय?"

उज्ज्वला आपल्या हातांकडे बघत होती. ते अजून दांड्यावर होते आणि जराही थरथरत नव्हते.

"हात वळलं, आत्ती," ती म्हणाली. "मी न्हाई वळले. हात वळलं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

*

जालिंदर दुसऱ्या दिवशी सापडला. अंगाला आगीचा एक डाग नव्हता, धुरानंच गेला होता. कातळावर बसून भिंतीला टेकावं तसा बॅटऱ्यांच्या पेटीला टेकलेला होता.

गावाला तालुक्यात पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. उज्ज्वला आणि शेवंताबाई एका खोलीत. देवीला शाळेच्या रंगमंचावर जागा झाली. देवी सुखरूप आली, याबद्दल बोलताना लोकांचा आवाज खाली यायचा, कारण तेरावी फेरी कोणामुळे झाली हे प्रत्येकाला कळत होतं आणि कोणीच ते तोंडावर आणत नव्हतं. त्यापेक्षा कॅप्टनवर बोलणं सोपं होतं. पुण्याच्या कुणा म्हाताऱ्याचा हात आपल्या पोरीच्या अंगात घातला आणि त्या हातानं घात केला. हे सगळ्यांना पटलं.

सगळ्यांत जास्त पटलं ते शेवंताबाईंना. ज्या सासूनं वीस वर्षांत सुनेचं कौतुक म्हणून कधी केलं नव्हतं, ती आता तिला पोटाशी धरून बसायची. उज्ज्वलाला हात कशालाच लावावेसे वाटत नव्हते, ताटालाही नाही. शेवंताबाई तिला स्वतःच्या हातानं घास भरवायच्या. "खा गं माजे बाय. तुजा काय दोस न्हाई," म्हणायच्या आणि दिवा लावताना त्या कॅप्टनच्या नावानं तळतळायच्या. "त्येचा हात झडू दे. ज्यानं माज्या लेकराला टाकून दिलं त्येचा हात झडू दे." शेजारी बसलेली उज्ज्वला ते रोज ऐकायची आणि तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं. जगात तिचं म्हणावं असं आता हेच एक माणूस राहिलं होतं.

महिन्याभरानं रेवती आली. पोरीची रया गेली होती.

"ताई, बाकीच्या एकोणचाळीस जणी विमानाला हात लावायला तयार नाहीत," तिनं सांगितलं. "म्हणतात, हा हात माणसाला सोडून वळतो. योजना थांबलीय. आणि अजून अख्खा वैशाख जायचाय. मला बघायचंय की गिरवणीत चूक कुठे झाली. तुम्ही मदत कराल?"

शाळेच्या एका वर्गात तिनं सरावाचं यंत्र मांडलं होतं. तीच खुर्ची, तोच दांडा, समोर मोठा पडदा. त्या दुपारचा वारा, धूर, उष्णता, सगळं तिनं आकडे गोळा करून त्यात भरलं होतं. उज्ज्वला बसली.

"तुम्ही काही करायचं नाही," रेवती म्हणाली. "हात सैल सोडा. शंभरापासून उलटे आकडे म्हणा, म्हणजे लक्ष तिकडे राहील. हात काय करतो तेवढं आपण बघू."

पडद्यावर सडा दिसू लागला. उज्ज्वला आकडे म्हणत राहिली. धुराची फट, पेटलेलं गवत, धुराचा लोट. हात हलले. दांडा अलगद पुढे गेला, विमानाचं नाक खाली झालं, आणि टिटवी धुरात शिरून कातळावर उतरली. चाकं टेकल्याचा आवाज आला.

"अरे!" रेवती ओरडली. "पुन्हा."

पुन्हा तेच झालं. रेवतीनं धूर वाढवला, वारा आडवा केला, सडा दिसूच नये असं केलं. हात दर खेपेला उतरले. ते हात कॅप्टन घैसासांचे होते आणि खाली माणूस उभा असताना न उतरणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

रेवती आनंदानं टाळ्या पिटायचीच बाकी होती. "ताई, गिरवणीत काही दोष नाही! हात सोडून जात नाही! उलट तो तर..." तिचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून गेलो ते तिला आत्ता समजलं होतं.

उज्ज्वला पडद्याकडे बघत होती. तिथे टिटवी सड्यावर शांत उभी होती.

"परत एकदा लाव," ती म्हणाली.

"ताई, नको."

"लाव म्हनते ना."

या खेपेला तिनं आकडे म्हटले नाहीत. धुराचा लोट आला आणि दांडा पुढे जाऊ लागला, तेव्हा तिनं दांडा सगळ्या ताकदीनिशी मागे खेचला. विमान वळलं. आता तिला आठवलं. त्या दिवशीही दांडा असाच जड लागला होता. कोणीतरी पुढे रेटतंय आणि आपण मागे ओढतोय, असा. जालिंदरचं हसू दिसलं होतं, आणि त्याच क्षणी तिला मरायचं नव्हतं. एवढंच होतं ते. हात वळले नव्हते, ती वळली होती.

तिला रडू आलं नाही. नुसती थंडी वाजायला लागली, त्या उकाड्यात.

रेवतीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मी कुणाला सांगणार नाही," ती पुटपुटली. "काही कळलं नाही म्हणेन. योजना बंद पडली तर पडू दे. तुमच्या सासूबाईंना काही कळणार नाही."

*

त्यानंतर चार दिवसांनी कॅप्टन घैसास आले. कोणी बोलावलं नव्हतं. हातानं घात केल्याची बातमी पुण्यापर्यंत गेली होती, वर्गात काय कळलं ते मात्र रेवतीनं त्यांना कळवलं नव्हतं. एस. टी. तून उतरून, काठी टेकत, विचारत विचारत ते पत्र्याच्या खोल्यांपाशी पोचले. उंच, वाकलेला, स्वच्छ कपड्यातला म्हातारा. दाराशी येऊन त्यांनी चपला काढल्या.

"शेवंताबाई उतेकर आपणच का? मी घैसास. विमानवाला."

खोलीत उज्ज्वला होती. आता आत्ती काय करतील, अंगावर धावून जातील की किंचाळतील, तिला कळेना. शेवंताबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ज्याच्या नावानं रोज बोटं मोडली तो समोर उभा होता, आणि उन्हानं त्याला धड उभं राहवत नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं.

कॅप्टननी पाण्याला हात लावला नाही. ते जमिनीवर बसले, मोठ्या कष्टानं.

"मी तुमच्या पाया पडायला आलोय," ते म्हणाले. "मी आयुष्यात कधी माणूस मागे टाकून आलो नाही, असं मला वाटत होतं. पण कुठेतरी आत असेल. असल्याशिवाय या मुलीच्या हातात उतरलं कसं? गेला महिनाभर मी तेच शोधतोय, की कधी, कुठे मी भ्यालो. तुमच्या मुलाला सोडून वळला तो हात माझा होता. त्याची शिक्षा हिला नको. जे बोलायचं ते मला बोला." त्यांनी ते दोन्ही हात शेवंताबाईंच्या पायांपुढे जमिनीवर टेकले. हात म्हातारे होते, डागाळलेले.

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. उज्ज्वलानं त्या हातांकडे पाहिलं. गप्प राहायचं, एवढंच तिला करायचं होतं. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की म्हातारा उठून जाईल, पुण्याला जाऊन स्वतःला खात बसेल आणि वर्ष-दोन वर्षांत मरेल. संध्याकाळी आत्ती घास भरवतील. तुजा काय दोस न्हाई, म्हणतील. आणि बोललं तर यातलं काहीएक उरणार नव्हतं.

"त्यांचा हात नव्हता, आत्ती," ती म्हणाली.

शेवंताबाईंनी वळून पाहिलं.

"त्यांचा हात उतरत हुता. परत परत करून बघितलं, दर टायमाला उतरला. मीच वढला. मला भ्या वाटलं आन् मी वळले."

पत्रा उन्हानं तडकल्यासारखा वाजला. कॅप्टननी मान वर केली, पण शेवंताबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"त्येनं लाल दावलं हुतं?" त्यांनी विचारलं. आवाजात एवढीशी आशा होती.

"न्हाई. हिरवं."

"तुला दिसलं?"

"दिसलं. हसत हुते."

शेवंताबाई भिंतीला हात लावून हळूच खाली बसल्या. मग त्यांनी कॅप्टनना विचारलं, "तुमी असता तर?"

"मी उतरलो असतो," कॅप्टन म्हणाले. मग उज्ज्वलाकडे एकदा बघून ते शेवंताबाईंशी एकेक शब्द नीट लावत बोलू लागले. "पण बाई, पुन्हा उठता आलं नसतं. त्या तापल्या हवेत, मागे माणूस घेऊन, नाही. मीही गेलो असतो आणि तोही गेला असता. हिनं केलं ते बरोबर केलं. एक जीव वाचला. मला ते कधी जमलं नसतं, आणि ते माझं शहाणपण नव्हे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही."

शेवंताबाईंनी ऐकून घेतलं. मान हलवली. त्यांना ते समजलं होतं, हिशोब काही अवघड नव्हता.

"बरुबर हाय," त्या म्हणाल्या. "गेलाच असता त्यो." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उज्ज्वला तो शोधत होती तरी सापडला नाही.

"पर मंग त्येच्याजवळ कुनीतरी असतं," शेवंताबाई म्हणाल्या.

उज्ज्वलानं मान खाली घातली. तेही खरंच होतं.